उंबरठ्यावरचा संस्कार : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

विद्यालयाच्या स्मरणिकेत तथागत भगवान बुद्ध, महात्मा फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू महाराज आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या जीवनावर लेख असतात आणि ते असलेच पाहिजेत. या वेळी मात्र आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, ज्याच्याविषयी आपल्या समाजात आदरही आहे आणि काहीशी अढीही आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे जन्माने मराठा. अस्पृश्यता निवारणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. तरीही एका निर्णायक प्रसंगी बाबासाहेबांना त्यांच्या भूमिकेला विरोध करावा लागला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र समजून घेतल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

हे चरित्र निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. निवासी विद्यालयात निरनिराळ्या जिल्ह्यांतून, निरनिराळ्या जातींतून आणि बोलींतून आलेली मुले एका पंगतीत जेवतात, एका दालनात झोपतात. एखादे मूल पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाचा हात धरते, तर दुसरे ताट उचलून दूर जाऊन बसते. दोघांचे वय तेच, इयत्ता तीच. मग हा फरक कोठून येतो? शिक्षक म्हणून आम्हांस हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो. शिंदे यांचे जीवन पाहिले असता त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते. त्या उत्तराची मर्यादाही तेथेच सापडते.

जमखंडीचे घर

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी जमखंडी येथे झाला. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले हे गाव त्या काळी पटवर्धन घराण्याच्या संस्थानची राजधानी होते. दरबार मराठी, बाजार कानडी. ब्राह्मण, लिंगायत, जैन, मराठा, मुसलमान आणि गावकुसाबाहेरच्या अस्पृश्य जाती अशी तेथील वस्ती. शिंदे यांचे घराणे मराठीभाषक, पण आजोबांचे नाव बसप्पा. या एका नावावरूनही तेथे भाषा आणि पंथ एकमेकांत किती मिसळले होते, हे ध्यानात येते. विठ्ठल दोन्ही भाषा ऐकत वाढला.

वडील रामजीबाबा संस्थानच्या नोकरीत होते. घरात सुबत्ता नव्हती. पुढे तर बरीच ओढगस्त झाली. ते पंढरीचे वारकरी होते. मुलाचे नाव विठ्ठल आणि मुलीचे नाव जनाबाई, यात त्यांची श्रद्धा दिसते. आई यमुनाबाई शांत, सोशिक आणि कष्टाळू. शिंदे यांनी उत्तरायुष्यात लिहिलेल्या आत्मचरित्रात या घराविषयी मोठ्या कृतज्ञतेने लिहिले आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. या घरी येणाऱ्याजाणाऱ्या माणसांना एका जातीचे किंवा एका धर्माचे बंधन नव्हते. स्नेही, परिचित, भजनाला येणारे, अडीअडचणीला येणारे असे नाना प्रकारचे लोक तेथे येत. आणि धर्म म्हणजे नुसते सोपस्कार किंवा ऐकीव समजुती नव्हेत, तो मनापासून जगावयाचा असतो, ही जाणीव मुलांना तेथे मिळाली.

या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचे एखादे सामान्य घर डोळ्यांसमोर आणावे लागेल. अंगण कोणासाठी, ओटी कोणासाठी, माजघर कोणासाठी हे ठरलेले असे. पाणी कोणाला भांड्यातून द्यावयाचे आणि कोणाच्या ओंजळीत वरून ओतावयाचे, हेही ठरलेले असे. लहान मुलाला हे नियम कोणी पाटीवर लिहून शिकवीत नसे. आजी पदर सावरून बाजूला होते, आई अंगणातूनच भाकर टाकते, वडील माणसाचे नाव न घेता जातीने हाक मारतात, हे मूल पाहते. चारपाच वर्षांचे होईपर्यंत सारी उतरंड त्याच्या अंगात भिनलेली असते. पुढे शाळेत समतेचा धडा वाचला तरी तो जिभेपुरता राहतो, कारण किळस त्याआधीच शिकून झालेली असते.

विठ्ठलाला ही किळस घराने शिकविली नाही. रामजीबाबा समाजसुधारक नव्हते, त्यांनी कोणत्याही सभेत भाषण केले नाही. त्यांनी आपल्या घराचा उंबरठा माणसांसाठी मोकळा ठेवला, इतकेच. मुलाच्या पुढील आयुष्याचा पाया त्यातून घातला गेला.

जनाक्का

परंतु उदार घरही सर्व बाबतींत उदार असतेच असे नाही. विठ्ठलाचे लग्न बालपणीच झाले. त्याची धाकटी बहीण जनाबाई, जिला घरात जनाक्का म्हणत, तिचेही लग्न अगदी कोवळ्या वयात झाले. सासरी तिच्या वाट्याला छळ आला. ज्या घराने जातीच्या भिंती फारशा मानल्या नाहीत, त्या घरालाही मुलीच्या लग्नाची रूढी मोडता आली नव्हती.

बहिणीचे दुःख विठ्ठलाने जवळून पाहिले. पुढे स्वतः शिक्षणासाठी पुण्यात असताना, हाताशी पैसा नसतानाही, त्याने जनाक्कांना शिकविण्याचा निर्धार केला. सासरहून परतलेल्या बहिणीला घराच्या कोपऱ्यात बसविण्याची रीत असलेल्या काळात तिला पुण्यास आणून तिच्या शिक्षणाची खटपट करणे, ही साधी गोष्ट नव्हती. हीच जनाक्का पुढे भावाच्या कार्यात आयुष्यभर उभी राहिली. संस्कार आईबापांकडून मुलांकडे येतो हे खरे, पण एका भावंडाच्या दुःखातून दुसऱ्याला डोळे फुटतात, हेही तितकेच खरे आहे. जवळच्या माणसावरील अन्याय ज्याला दिसतो, त्याला दूरच्या माणसावरील अन्याय ओळखता येण्याची शक्यता वाढते. शिंदे यांच्या बाबतीत तसेच घडले.

1891 साली मॅट्रिक होऊन ते पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि 1898 साली बी. ए. झाले. पुण्यात मिल्ल, स्पेन्सर, मॅक्समुल्लर यांचे ग्रंथ वाचनात आले. याच सुमारास ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माच्या अभ्यासासाठी त्यांची निवड झाली. प्रवासासाठी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी साहाय्य केले. 1903 साली अॅमस्टरडॅम येथील उदार धर्मपरिषदेस उपस्थित राहून ते स्वदेशी परतले.

दोन रामजी

येथे एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. बाबासाहेबांच्या वडिलांचेही नाव रामजी. जमखंडीचे रामजी वारकरी, तर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ कबीरपंथी. दोन्ही घरांत सकाळसंध्याकाळ संतवाणीचे स्वर उमटत. दोन्ही घरांत पैसा तोकडा आणि मुलांच्या शिक्षणाची आस मोठी. दोन्ही बापांनी मुलांना माणूस जन्माने लहानमोठा ठरत नाही, हेच शिकविले.

मात्र उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच दोन्ही मुलांना दोन वेगळी जगे भेटली. 1901 साली विठ्ठलराव विलायतेला जाणाऱ्या बोटीत बसले. त्याच सुमारास सातारा भागात नऊदहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटावयास निघाला होता. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, ती मुलांनी स्वतः हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे, या अटीवर. वाटेत पिण्यास पाणीही मिळाले नाही. शाळेत बसावयाला वेगळे गोणपाट, पाण्याच्या भांड्याला हात लावण्यास मनाई, हे तर नित्याचेच होते.

दोन्ही घरांचा संस्कार सारखा, पण त्याची किंमत सारखी नव्हती. जमखंडीच्या मुलाने समता पाळली तर त्याचे कौतुक होण्याची शक्यता होती. सुभेदारांच्या मुलाने समता मागितली तर त्याला तहानलेले राहावे लागत होते. ज्या गाडीवानाने मुलांना पाहून नाक मुरडले, तोही कधीकाळी कोणाच्या तरी घरी वाढला होता आणि तेथेच हे शिकला होता. म्हणून घरच्या वळणाचा विचार करताना केवळ पीडितांच्या घरांकडे पाहून भागत नाही. मुलांना तुच्छता शिकविणारी घरे बदलल्याशिवाय पीडितांच्या मुलांचा प्रवास सुखाचा होत नाही. शिंदे यांचे कार्य नेमके त्या घरांच्या दिशेने चालले होते.

परळची शाळा आणि भोकरवाडी

विलायतेहून परतल्यावर शिंदे मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. 1905 साली अहमदनगरजवळील भिंगार येथे महार मंडळींच्या एका रात्रीच्या सभेस ते गेले. तेथे ऐकलेल्या हकिकतींनी ते अस्वस्थ झाले आणि पुढील आयुष्य या कार्यास देण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळ भागात अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे काम सुरू झाले. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि शिंदे कार्यवाह होते. पुढे पुणे, हुबळी, मंगळूर अशा अनेक ठिकाणी मिशनच्या शाखा व शाळा निघाल्या. मुलांना नुसते अक्षर शिकवून भागणार नाही, त्यांना राहण्याजेवण्याची सोयही हवी, हे ओळखून वसतिगृहेही काढण्यात आली.

या कार्याची एक विशेष बाजू आम्हांस फार मोलाची वाटते. शिंदे एकटे या कामात पडले नाहीत, त्यांचे सारे घरच त्यात उतरले. आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहिणी असा परिवार मुंबईस आला. जनाक्कांनी अस्पृश्य स्त्रियामुलांमध्ये सेवेचे काम अंगावर घेतले. सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई यांच्यासारखे सहकारी याच घराशी जोडले गेले. मुलगा सुधारक झाला आणि आईबाप गावी जुनेच आचार पाळीत राहिले, असे दृश्य त्या पिढीत घरोघर दिसे. सभेत सहभोजन आणि घरी प्रायश्चित्त, अशी उदाहरणेही कमी नव्हती. जमखंडीच्या वृद्ध वारकऱ्यावर आणि त्याच्या पत्नीवर आपल्या मुलाच्या कामाची लाज वाटण्याची वेळ आली नाही, कारण मुलाने काही नवे केले नव्हते. त्यांच्याच अंगणात जे लहान प्रमाणावर चालत होते, ते त्याने मोठ्या प्रमाणावर मांडले होते.

1912 साली शिंदे पुण्यास आले. मिशनचे काम नाना पेठेतील भोकरवाडी भागात, अस्पृश्य वस्तीच्या सान्निध्यात चालले आणि शिंदे परिवाराचा संसारही त्या कामाच्या सोबतीने थाटला गेला. पुढे इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या देणगीच्या आधाराने तेथे अहिल्याश्रमाची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली आणि निरनिराळ्या जातींची माणसे एका पंगतीत जेवली. याची किंमतही शिंदे यांना मोजावी लागली. सनातनी तर विरोधात होतेच, पण स्वजातीतील अनेकांनीही त्यांना दूर लोटले.

मार्च 1918 मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली मोठी अस्पृश्यता निवारण परिषद झाली. त्या परिषदेत एक जाहीरनामा सह्यांसाठी ठेवण्यात आला होता. आपण स्वतःच्या दैनंदिन व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. लोकमान्य टिळकांनी व्यासपीठावरून अस्पृश्यतेचा निषेध केला, परंतु त्या प्रतिज्ञेवर सही केली नाही. इतिहासाचे विद्यार्थी या घटनेची चर्चा राजकारणाच्या अंगाने करतात. आम्हांस त्यात घराचा प्रश्नही दिसतो. भाषण सभेत करावयाचे असते, तर प्रतिज्ञा घरी पाळावयाची असते. स्वयंपाकघर, पाण्याची जागा, जेवणाची पंगत येथे ती पाळावी लागते आणि मुलांचे डोळे तेथेच असतात. मोठमोठ्या माणसांची पावले सभामंडपात पुढे पडली आणि घराच्या दाराशी अडखळली, हा त्या काळचा अनुभव आहे. आजही तो जुना झालेला नाही.

जेथे वाटा वेगळ्या झाल्या

आता त्या मतभेदाविषयी लिहिणे प्राप्त आहे. ते टाळून शिंदे यांचे गुणगान करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळी अस्पृश्यांना कायदेमंडळात प्रतिनिधित्व कसे द्यावयाचे, हा प्रश्न निघाला. 1919 च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्षी झाल्या. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडले पाहिजेत, अशी तरुण भीमराव आंबेडकरांची स्पष्ट भूमिका होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळातील इतर सभासदांनी निवडावेत, अशी योजना मिशनच्या बाजूने पुढे आली. तिचा अर्थ असा होत होता, की अस्पृश्यांच्या वतीने कोणी बोलावयाचे हे स्पृश्यांनीच ठरवावयाचे. 1920 साली मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी या योजनेवर कडाडून हल्ला चढविला आणि परिषदेने तिचा निषेध केला.

या वादात बाबासाहेबांची बाजू योग्य होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमच्यासाठी प्रश्न निराळा आहे. ज्याचे बालपण इतके निर्मळ, ज्याचे अवघे घर अस्पृश्यांच्या सेवेत उतरले, त्याच्या कार्यातून अशी भूमिका कशी निघाली?

आमच्या समजुतीप्रमाणे कौटुंबिक संस्कार कोठवर पोचतो, याची सीमारेषा येथे दिसते. चांगले घर मुलाला दुसऱ्याविषयी आपुलकी देते, त्याच्याजवळ बसण्याची सहजता देते. परंतु आपुलकीतून पालकत्व उपजण्याचा धोका असतो. मी यांच्यावर प्रेम करतो, यांच्यासाठी झिजतो, तेव्हा यांचे हित मला कळते, असे प्रेम करणाऱ्यास वाटू लागते. दुसऱ्याला आपल्या ताटाशी बसविणे हा एक संस्कार आहे. त्याचे मत आपल्या मताविरुद्ध गेले तरी त्याला स्वतःचा निर्णय घेऊ देणे, हा त्याहून अवघड संस्कार आहे. पहिला घरात शिकता येतो. दुसरा बहुधा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडूनच शिकावा लागतो, आणि तोही संघर्षातून.

शिंदे यांच्या मोठेपणाची नोंदही येथेच केली पाहिजे. मिशनचा कारभार अस्पृश्यांच्या हाती यावा, अशी मागणी होऊ लागली. 1923 साली ते मिशनच्या कार्यातून बाजूला झाले. स्वतः उभारलेल्या संस्थेतून बाहेर पडणे किती क्लेशाचे असते, हे संस्था चालविणारे जाणतात. पुढच्याच वर्षी, 1924 साली, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली आणि 1925 साली सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. आपल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहे, ही परंपरा तेथून बळावत गेली. आपले विद्यालय त्याच परंपरेतील आहे.

1920 च्या निवडणुकीतील त्यांची एक कृतीही सांगण्यासारखी आहे. मराठ्यांसाठी राखीव जागा उपलब्ध असता त्यांनी ती नाकारून सर्वसाधारण जागेवरून निवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. जातीच्या नावावर स्वतःसाठी काही मागावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता. राखीव जागांविषयीचे त्यांचे विचार आपणास पटणार नाहीत. मात्र त्यांनी स्वतःला लावलेला नियम स्वतः मोडला नाही, हे मान्य करावे लागेल.

ब्रह्मदेशात

1927 साली शिंदे बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी ब्रह्मदेशात गेले. बौद्ध देशात जातिभेद नसणार, अशी कोणाचीही अपेक्षा असते. परंतु तेथेही त्यांना एक बहिष्कृत वर्ग आढळला. पॅगोडांच्या सेवेसाठी पूर्वी राजांनी वाहिलेल्या दासांचे हे वंशज. पिढ्यान्‌पिढ्या समाज त्यांना हीन लेखीत आला होता. इतर लोक त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. 1933 साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या आपल्या ग्रंथात शिंदे यांनी या वर्गाचाही विचार केला आहे.

आपण बौद्धांनी या गोष्टीकडे पाठ फिरवू नये. धम्माने जात सांगितली नाही. उपाली न्हाव्याची कथा आपण मुलांना सांगतो. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे संघात तो ज्येष्ठ ठरेल, आपण त्याला वंदन करू आणि आपला कुळाचा अभिमान गळून पडेल. ज्या धम्मात ही कथा आहे, त्याच धम्माच्या देशात पॅगोडाच्या दासांची मुले हीन ठरली. विहारात वंदना होत राहिली, पण घराघरांतील सोयरिकीचे नियम तसेच राहिले. दीक्षा एका दिवसात घेता येते, पण तिचा संस्कार घरात दररोज करावा लागतो, हाच याचा अर्थ.

आपली घरे

1930 च्या कायदेभंगात शिंदे यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. पुढील वर्षे आजारपणात आणि आर्थिक विवंचनेत गेली. 2 जानेवारी 1944 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत स्वजातीने त्यांना आपले म्हटले नाही आणि ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांच्या चळवळीने वेगळी वाट घेतली. आज इतक्या वर्षांनंतर आपण त्यांच्याकडे रागलोभ बाजूला ठेवून पाहू शकतो.

या चरित्राच्या आधारे पालकांशी दोन शब्द बोलावेत असे वाटते. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या घरांतील वाईट संस्कारांचे घाव सोसले. त्यामुळे आपल्या घरांत तसे काही शिकविले जात नाही, असे आपण गृहीत धरतो. एकदा नीट तपासून पाहावयास हवे. मातंग, चर्मकार, मेहतर समाजातील कुटुंबांविषयी आपल्या घरी कोणत्या शब्दांत बोलले जाते? पारधी किंवा आदिवासी मुलगा आपल्या मुलाचा मित्र म्हणून घरी आला, तर त्याच्यासाठी चहा कोणत्या कपात येतो? मुसलमान शेजाऱ्याचा विषय निघाला की आपला आवाज बदलतो काय? अपंग किंवा मंदगती मुलाला आपण नावाने हाक मारतो की व्यंगाने? गावाकडच्या, बोलीभाषेत बोलणाऱ्या नातलगाची शहरात वाढलेली आपली मुले टवाळी करतात, तेव्हा आपण त्यांना थांबवितो, की स्वतःही हसतो? आणि घरातील मुलीच्या वाट्याला जनाक्काचे बालपण तर येत नाही ना?

सिगाल गृहपतीला उपदेश करताना भगवंतांनी आईवडिलांची कर्तव्ये सांगितली. मुलांना पापापासून परावृत्त करणे आणि चांगल्या कर्मांत लावणे, हे त्यांतील अग्रक्रमाचे. दुसऱ्याला तुच्छ लेखणे हे अकुशल कर्मच आहे. ते मुलाच्या हातून घडू नये यासाठी मोठा उपदेश करण्याची गरज नाही. रामजीबाबांनी केला नाही, सुभेदारांनीही बहुधा आपल्या आचरणातूनच अधिक शिकविले. आपल्या घरी कोण येते, ते कोठे बसते, काय खाते, ते गेल्यावर त्यांच्याविषयी आपण काय बोलतो, एवढे मुलाला पुरेसे असते.

शाळा या कामी मदत करू शकते. एक पंगत, एक गणवेश, एक वंदना या गोष्टींचा परिणाम होतो, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. परंतु दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत मूल घरी जाते. वसतिगृहात जोडलेला मित्र सुटीत घरी आणण्याचे धाडस त्याला होते की नाही, यावरून आमच्या शिकवणीची आणि पालकांच्या घराची एकदमच परीक्षा होते. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकजण आता स्वतः आईबाप झाले आहात. येत्या सुटीत तुमच्या मुलाला सांगा, की त्याला हवा तो मित्र घरी घेऊन ये. तो आला म्हणजे त्याचे आडनाव विचारण्याच्या आधी त्याला पाणी द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.